लिस्बनच्या आठवणी: बेलेंच्या रांगेत तासभर उभं राहायचं का?

हिंडफिरी

मे महिन्यात नवरा, मी आणि सासूबाई लिस्बनला जाऊन आलो. फोटो सगळ्यांना दाखवून झाले, साबण आणि मॅग्नेट वाटून झाले, तरी घरात एक वाद अजून धुमसतोय. तो इथे टाकते.

शहराच्या पश्चिमेला नदीकाठी बेलें म्हणून भाग आहे. तिथे १८३७ पासूनचं पास्तेलचं, म्हणजे पापुद्र्याच्या वाटीत कस्टर्ड भरून भाजलेल्या गोड पदार्थाचं, प्रसिद्ध दुकान. कृती मूळची शेजारच्या जेरोनिमुश मठातली. १८३४ मध्ये पोर्तुगालातले मठ बंद झाले आणि ती बाहेर आली, असं सांगतात. बाकी शहरात तोच प्रकार पास्तेल द नाता म्हणून मिळतो. आम्ही भर दुपारी रांगेत उभे. डोक्यावर ऊन, पुढे अख्खी एक टूरची बस. माझं मत: चव छान, पण एवढी तपश्चर्या करण्याइतकी नाही.

आदल्या संध्याकाळी शियादू भागातल्या एका छोट्या दुकानात ताजा घाणा निघाल्याची घंटा वाजली, म्हणून आत शिरलो. संगमरवरी कट्ट्यापाशी उभ्या उभ्या खाल्ला. वर काळे डाग पडलेले, आतलं कस्टर्ड अजून थरथरतंय, बोटाला चटका बसतोय, आणि चावा घेतला की पापुद्र्यांचा सगळा चुरा कुर्त्यावर. दालचिनीची पूड आपली आपण भुरभुरवायची. माझ्यासाठी नाता म्हणजे तो. नवरा म्हणतो, बेलेंचा तो बेलेंचा, कड जास्त कुरकुरीत आणि गोडाला बेताचा.

बाकी शहर तिघांनाही आवडलं, चढ सोडून. सासूबाई तर सांता लुझियाच्या गच्चीवर बसल्या त्या उठेचनात. वर बोगनवेल, भिंतीला निळ्या फरश्या, खाली आल्फामा या जुन्या वस्तीची लाल कौलं आणि पलीकडे तेजू नदी.

नणंद ऑक्टोबरात जाणार आहे. तेव्हा सांगा: तुम्ही लिस्बनला काय पाहिलंत, काय खाल्लंत आणि काय सोडलं असतंत तर चाललं असतं? 'टॉप टेन' नकोत, ते तिने पाठ केलेत.

पोटोबा

नवऱ्याच्या बाजूने +१. बेलेंला मी दोन खायला म्हणून बसलो आणि सहा खाल्ले. पुढचं विचारू नका.

म्हापशेकर

माझी मावशी १९७० च्या दशकापासून लिस्बनजवळ राहते, त्यामुळे जाणं-येणं असतं. इथली बरीच मंडळी परत येऊन म्हणतात, "अरे, लिस्बन म्हणजे मोठं पणजीच!" ते मला पटत नाही. फोंताइन्यासमध्ये फिरल्यावर लिस्बनच्या गल्ल्या ओळखीच्या वाटतात हे खरं. पण लिस्बनला उतार आहेत, थंडी आहे, अटलांटिकचा वारा आहे, आणि लोक आपल्यापेक्षा बरेच अबोल. पणजीत दुपारी दुकान बंद असेल तर मालक शेजारीच घोरत असतो. लिस्बनला तो सापडायचाही नाही.

खाण्यातलं नातं मात्र उघड दिसतं. कुठल्याही साध्या कॅफेत जा, काचेच्या कपाटात कोड फिशच्या वड्यांशेजारी तिकोनी 'शमूसा' ठेवलेले असतात. हो, आपले समोसेच. आत बहुतेक वेळा बीफ किंवा चिकन असतं, तेव्हा शाकाहारी लोकांनी विचारल्याशिवाय उचलू नये. गोवन उपाहारगृहंही आहेत. त्यात शागुती, सोरपोतेल, बेबिंका सगळं मिळतं, पण तिखट त्यांच्या बेताने. मावशी हँडबॅगेतून सुक्या मिरच्यांची पूड काढते.

हिंडफिरी

@म्हापशेकर, शमूसा आम्ही पाहिले! सासूबाईंचा चेहरा फुलला आणि आत काय आहे कळल्यावर लगेच उतरला.

अर्धी_पोळी

मुद्द्याचा प्रश्न. नात्यात अंडं असतं ना? मग अंडं न खाणाऱ्यांनी लिस्बनला काय करायचं, नदीकडे बघत बसायचं?

नाशिकची_काकू

@अर्धी_पोळी, असतंच, तेही बलकच बलक. तिथल्या मठांतून अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला वापरत आणि बलक उरत, म्हणून गोड पदार्थांत सगळीकडे बलक, अशी गोष्ट आम्हाला ऐकवली गेली.

आम्ही दोघं अंडंही खात नाही, तरी उपाशी आलो नाही. माझा अनुभव असा.

सूप बघून भुलू नका. काल्दू वेर्द म्हणजे बटाट्याच्या दाटसर सुपात बारीक चिरलेली हिरवी पानं, वाटतं शुद्ध शाकाहारी, आणि मधोमध चोरिसाची (डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) चकती तरंगत येते. आधी सांगितलं तर काही ठिकाणी चकती काढून देतात, म्हणजे सूप त्यातच उकळलेलं असणार. आम्ही नादी लागलो नाही. पाव उत्तम, ऑलिव्ह उत्तम, चीज तर फारच उत्तम. फरसबी पिठात बुडवून तळलेला एक प्रकार मिळतो, दिसायला थेट तळलेली मासळी. जपानी लोकांचं टेम्पुरा पोर्तुगीजांच्या याच तळणीवरून आलं, असं मानतात. त्याच्या पिठात कधी अंडं असतं, तेव्हा तेही विचारूनच.

आणि खरा आधार म्हणजे लुमियार भागातलं राधाकृष्ण मंदिर. तिथली हिंदू मंडळी मुख्यतः गुजराती, त्यातली पुष्कळशी मोझांबिकमधून आलेली. मंदिराला जोडून कँटीन आहे, शुद्ध शाकाहारी. वेळा आधी बघून जा. डाळ-भात-शाक पानात पडल्यावर आमचे हे पहिल्यांदाच म्हणाले, "शहर चांगलं आहे."

पोटोबा

"पानात डाळ-भात पडला की शहर चांगलं" हे आपल्या सगळ्या युरोप सहलींचं प्रवासवर्णन आहे काकू.

निळी_फरशी

नणंदेला सांगा, नॅशनल आझुलेजू म्युझियम सोडू नको. मध्यवस्तीपासून थोडं आडबाजूला, जुन्या माद्र द देउश मठात आहे. निळ्या फरश्या दुकानांत बघून कंटाळा येतो, इथे येत नाही. वरच्या मजल्यावर सुमारे २३ मीटर लांबीचं एकच फरशीचित्र आहे: सन १७०० च्या आसपासचं लिस्बन, नदीच्या बाजूने पाहिलेलं. राजवाडा, चर्च, होड्या, धक्क्यावरची माणसं.

ते बघताना अंगावर येतं ते हे, की त्यातलं बरंचसं आज नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये. मोठा भूकंप झाला, मग नदीतून समुद्राची लाट आत घुसली आणि चर्चमधल्या मेणबत्त्या नि घरच्या चुली यांच्या आगी कित्येक दिवस धुमसल्या. आज आपण बायशा या मध्यवस्तीत सरळ रेषेतले रस्ते पाहतो ते त्यानंतर तेव्हाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने आखून घेतलेले. इमारतींच्या भिंतींत लाकडी चौकटीचे पिंजरे घातले, भूकंपात इमारत हलेल पण कोसळणार नाही अशा बेताने. नमुना चौकटीभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून चाचणी घेतली म्हणतात.

तुमच्या शियादूच्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर कार्मूचं चर्च आहे. छप्पर त्या दिवशी पडलं ते पुन्हा घातलं नाही. कमानी तशाच उभ्या आणि वर मोकळं आभाळ. आम्ही गेलो तेव्हा खाली गवतावर एक मांजर आडवी पसरली होती.

आणि हो, सोमवारी बहुतेक म्युझियमं बंद. जेरोनिमुशसुद्धा.

वसईची_पोर

जेरोनिमुशवरून लिहिते. थोडं लांबेल.

आमचं आडनाव पोर्तुगीज, घरात बोली सामवेदी, प्रार्थना मराठीत. आई-बाबांना घेऊन गेले होते. मठाच्या चर्चमध्ये दारातून आत गेलं की डाव्या हाताला वास्को द गामाची शवपेटी, समोर कामोइंश कवीची. गामा वारला कोचीत, १५२४ मध्ये. आधी तिथेच पुरला, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालात आणले आणि या चर्चमध्ये ठेवले ते १८८० मध्ये. संगमरवरात तो हात जोडून झोपलाय, अगदी सात्त्विक.

बाबा बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "याच्यामुळे आपण कोण आहोत ते झालो, आणि याला ते माहीतही नाही." चांगलं म्हणाले का वाईट, मी विचारलं नाही.

बाहेर एका वयस्क गाइडने विचारलं, गोव्याचे का? आई म्हणाली, वसई. त्याला कळेना. मग बाबांनी जुनं पोर्तुगीज नाव सांगितलं, 'बसाईं'. तेव्हा म्हातारा उभा राहून हात मिळवायला आला. शाळेत शिकले होते म्हणे.

खडूस_आजोबा

या धाग्यावर गामाला फारच सौम्य वागणूक मिळते आहे. १५०२ मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळणारा हा गृहस्थ. त्याच्या शवपेटीशेजारी सेल्फी काढणारे आपले लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

आणि नदीकाठचं ते दर्यावर्दींचं स्मारक बघा. ५२ मीटर उंच, जहाजाच्या नाळेसारखं, पुढे राजपुत्र हेन्री आणि मागे ओळीने बाकीचे. लोकांना वाटतं जुनं आहे. आजचं दगडी बांधकाम १९६० चं, सालाझारच्या हुकूमशाहीतलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा त्यांच्या हातून गेला. म्हणजे साम्राज्य बुडत असताना बांधलेला हा बडेजाव. सोडलं असतं तर चाललं असतं असं काय, असं धागाकर्तीने विचारलंय. माझं उत्तर: हे.

म्हापशेकर

आजोबा, इतिहासाबद्दल दुमत नाही. पण न बघता सोडू नये असं मला वाटतं. बघावं आणि तुम्ही सांगितलंत ते सोबतच्या पोरांना तिथेच सांगावं. स्मारकासमोर जमिनीवर जगाचा मोठा नकाशा आहे, त्यात कुठल्या साली कुठे पोचले ते कोरलंय. माझ्या भाच्याने गोव्यावर उभं राहून विचारलं, "पोचले ते लिहिलंय, गेले ते कुठे लिहिलंय?" मावशीचे यजमान एवढे हसले की टोपी पडली.

शिवाय याच शहराचा महापौर २००७ ते २०१५ या काळात अंतोनियू कोस्ता होता, वडिलांकडून मडगावचा. पुढे तो पंतप्रधानही झाला. काळ आपला हिशेब करत असतो.

खडूस_आजोबा

भाच्याला माझ्यातर्फे पेढे.

घाटावरचा

वसईचा विषय निघालाच आहे तर: १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. लिस्बनला कुणाशी बोलताना हे सांगू नका, परत मागतील.

वसईची_पोर

@घाटावरचा, आधी आम्ही मागू. :-)

पोटोबा

अहो, धागा खाण्याचा आहे. मी बशी घेऊन बसलोय, इथे तहाची बोलणी चालू.

जुनी_पानं

खाण्याआधी एक प्राणी. बेलेंच्या बुरुजावर, बाहेरच्या बाजूला, एका कोपऱ्यातल्या टेहळणी-बुरुजाच्या खाली गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. पावसापाण्याने झिजलंय, कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

तो गेंडा आपल्याकडचा. गुजरातच्या सुलतानाकडून तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याच्याकडे भेट म्हणून आला, अल्बुकर्कने गोव्याहून जहाजात घातला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. मानुएल राजाने हत्तीशी त्याची झुंज लावली, तर हत्ती पळून गेला. मग राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून बिचारा मेला. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने काढलेलं गेंड्याचं जगप्रसिद्ध चित्र याचंच, तेही त्याला स्वतः न बघता, वर्णनावरून.

झंपी

गेंड्यासाठी रडू येतंय. एवढा प्रवास करून पोपही दिसला नाही.

चर्चगेट_फास्ट

मुंबईकरांसाठी माझ्याकडूनही एक. मुंबईची बेटं जिच्या हुंड्यात गेली (तह १६६१ चा) ती कॅथरीन ऑफ ब्रगँझा इंग्लंडात विधवा झाल्यावर लिस्बनला परत आली आणि १७०५ मध्ये तिथेच वारली. तिची कबर साउं व्हिसेंत द फोरा या मठात, राजघराण्याच्या दालनात आहे. तिथे भिंतभर निळ्या फरश्याही आहेत आणि गच्चीवरून नदी दिसते, आणि गर्दी अगदी तुरळक. मी कबरीसमोर उभा राहून मनात म्हटलं, बाई, तुमच्या हुंड्यात आज वन बीएचके परवडत नाही.

मागेच मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो. पितळी कड्या, फुटक्या फरश्या, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. घासाघीस चालते.

हिंडफिरी

@चर्चगेट_फास्ट हसून हसून पुरेवाट! कॅथरीनचं नणंदेला नक्की सांगते, ती मुलुंडची आहे.

ट्रामबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

रस्सेदार

ट्राम २८ बद्दल मी बोलतो, कारण माझं पाकीट तिच्यात राहिलं. म्हणजे पाकीट नाही, पाकीट ज्याने घेतलं तो राहिला, मी उतरलो.

ती पिवळी लाकडी ट्राम मार्तिं मोनिशपासून निघते आणि आल्फामा, बायशा, एश्त्रेला करत काम्पू द ओरीकला जाते. वळणावर भिंत खिडकीपासून हातभर अंतरावर, वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे. बघायला लाजवाब. पण दुपारी माणसं खच्चून भरलेली असतात आणि खिसेकापू त्यांच्यातच. चौकीवर तक्रार लिहून घेणारी बाई माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आतच "व्हिन्ती ओइतू?" म्हणाली, म्हणजे अठ्ठावीस? बसायचं तर सकाळी लवकर, आणि टोकाच्या थांब्यावरून.

सह्याद्रीकर

ट्राम २८ ऐवजी चाला, असं मी म्हणेन. पण रबरी तळव्याचे बूट हवेत. पदपथांवरचे ते पांढऱ्या चुनखडीचे नि काळ्या बेसॉल्टचे चौकोनी दगड इतके झिजून गुळगुळीत झालेत की पाऊस पडला की गडाच्या शेवाळलेल्या पायऱ्या बऱ्या. बाबांना गुडघेदुखी आहे, त्यांना किल्ल्यापर्यंत टॅक्सीने नेलं आणि उतरताना हळूहळू चालवलं. किल्ल्यात मोर मोकळे फिरतात. बाबा मोर बघायला युरोपात आलो म्हणून खूश.

निळी_फरशी

एक गंभीर गोष्ट. चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी (फ्युनिक्युलर) ग्लोरियाची गाडी ३ सप्टेंबर २०२५ ला घसरली आणि १६ माणसं गेली. आम्ही तिच्यातून गेलो होतो, त्यामुळे बातमी बघून हात गार पडले. फ्युनिक्युलरमध्ये बसायचं ठरवून जाणार असाल तर काय चालू आहे, काय बंद, ते आधी पाहा. जुन्या ब्लॉगांवर विसंबू नका.

झंपी

बापरे. हो, वाचलं होतं.

सुरेल_बेसूर

फादूचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्याचं, नाव निघालं नाही म्हणून लिहितेय. (२०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे वगैरे सगळे सांगतात. ते ऐकून माणूस महागड्या जेवणाच्या कार्यक्रमाचं तिकीट काढतो. काढू नका.)

आम्ही आल्फामात एका खोलीएवढ्या जागेत गेलो. बारा-पंधरा टेबलं, भिंतीला भिंत लागून. अर्धं जेवण झालं आणि एकदम दिवे मंद. कोणीतरी "सिलेंसियू" म्हणालं. वेटर जिथल्या तिथे थांबला, हातात बश्या तशाच. दोन वादक: एकाकडे साधी गिटार, दुसऱ्याकडे बारा तारांची, पेरूच्या आकाराची पोर्तुगीज गितारा. गाणारी बाई कोण, तर मघाशी स्वयंपाकघरातून डोकावलेली. अ‍ॅप्रन काढून खांद्यावर काळी शाल घेतली, डोळे मिटले, मान मागे टाकली आणि पहिला सूर लावला. माइक नाही. शब्द एक कळत नव्हता. शेजारच्या टेबलावरचे आजोबा ओठांनी सोबत म्हणत होते आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी टेबलावर एक बोट टेकवत होते, समेवर टेकवावं तसं.

आणि त्या शांततेत आमच्या ह्यांच्या खिशात कोंबडा आरवला. रिंगटोन. कोपरगावचे मामा, "पोचलात का?" विचारायला. बाईंनी एक डोळा उघडला, गाणं थांबवून काहीतरी म्हणाल्या, त्यात मला फक्त 'बार्सेलुश' एवढंच कळलं आणि अख्खी खोली हसली. तिथे प्रत्येक दुकानात तो रंगीत मातीचा बार्सेलुशचा कोंबडा मिळतो ना, तो. मग बाईंनी पुन्हा डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरू केलं. मला विचाराल तर दुसऱ्यांदा जास्त चांगलं म्हणाल्या.

पोटोबा

मामांना धाग्याचा मानकरी घोषित करा.

झंपी

+१००

अर्धी_पोळी

कुणी बिलाबद्दल सांगेल का? मैत्रीण म्हणते न मागता पदार्थ आणून ठेवतात.

रस्सेदार

ठेवतात. त्याला कुवेर म्हणतात: पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज, कधी सार्डिनची पेस्ट. फुकट नसतं. हात लावला नाही तर पैसे लागत नाहीत, "नको" म्हटलं तर घेऊन जातात, कुणी रागावत नाही. माझे सासरे तीन टोपल्या पाव संपवून म्हणाले, "बघा, आदरातिथ्य याला म्हणतात." बिल आल्यावर आदरातिथ्य सव्याज परत घेतलं.

कोळथरे_एक्स्प्रेस

मासे खाणाऱ्यांनी बाकल्याववर काहीच लिहिलं नाही? कमाल आहे. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर एवढी ताजी मासळी, आणि यांचा जीव कशात, तर नॉर्वे-न्यूफाउंडलंडकडच्या थंड समुद्रातल्या खारवलेल्या कोडमध्ये. वाण्याच्या दुकानात लाकडी फळ्यांसारखे रचलेले असतात. दुकानात शिरलो आणि मला थेट सुक्या बाजारात उभं असल्यासारखं वाटलं, डोळे मिटले असते तर हर्णैच. घरी आणून एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा, मग शिजवायचा.

बाकल्याव आ ब्राश खा. कोडचे तंतू, कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे, सगळं अंड्यात सैलसर बांधलेलं, वर काळे ऑलिव्ह. अंडं घट्ट झालेलं असेल तर ते हॉटेल बदला. जूनमध्ये गेलात तर सार्डिन. १२ जूनच्या रात्री सांतु आंतोनियूचा सण असतो, गल्लीगल्लीत शेगड्या मांडून सार्डिन भाजतात आणि अख्ख्या आल्फामात धूर. पावावर सार्डिन ठेवून खायची, तेल पावात मुरतं, शेवटी तो पाव खायचा. खरं जेवण तो पाव.

म्हापशेकर

@कोळथरे_एक्स्प्रेस, सार्डिनवर सहमत. बाकल्याववर अर्धा सहमत, मावशीकडे दर नाताळला तोच असतो आणि आम्ही गुपचूप कोळंबीची वाट बघतो.

डुकराचं चालत असेल तर बिफाना विसरू नका. वाइन-लसणात शिजलेले मांसाचे पातळ काप पावात घालून देतात, मोहरी आपली आपण. उभ्याने खायचं, रुमाल भरपूर घ्यायचे. त्यावर रोसियू चौकाजवळच्या खिडकीएवढ्या दुकानातली जिंजिन्या, आंबट चेरीची दारू, बोटभर पेल्यात. फळासकट हवी की नुसती, एवढंच विचारतात.

नाशिकची_काकू

आमच्या ह्यांनी जिंजिन्या "औषधासारखी" म्हणून घेतली. नंतर तीन दिवस रोज संध्याकाळी त्यांना औषधाची आठवण होत होती.

सह्याद्रीकर

सिंत्रा कोणी सांगितलं नाही म्हणून एका ओळीत: रोसियूहून रेल्वेने चाळीसेक मिनिटं, पेना राजवाड्याची वेळेची तिकिटं आधी काढा, आणि दोन्ही-तिन्ही राजवाडे एका दिवसात कोंबू नका. रेगालेइराची ती उलट्या मनोऱ्यासारखी गोल जिन्याची विहीर सर्वांत आवडली, आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्या माणसालाही.

लिस्बनवासी_तात्पुरता

शिक्षणासाठी इथे राहतोय, धागा आज दिसला. मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. बेलेंच्या दुकानाबाहेर फुटपाथवर जी लांब रांग दिसते ती बहुतेक पार्सलची असते. आत एकामागून एक खोल्या आहेत, निळ्या फरश्यांच्या, शेकडो माणसं बसतील एवढ्या. सरळ आत चालत जायचं, तिथेही थोडं थांबावं लागतं पण सावलीत. सकाळी उघडताना किंवा रात्री जेवणानंतर गेलात तर तेही नाही. सोबत एक बिका, म्हणजे इथली छोटी कडक कॉफी. चवीचं म्हणाल तर दोन्ही ठिकाणी ताजा मिळाला तर मी भांडणार नाही. गार झालेला नाता मात्र कुठलाच खाऊ नये.

हिंडफिरी

@लिस्बनवासी_तात्पुरता, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "म्हणजे बेलेंचाच चांगला." मी म्हणते, "म्हणजे रांग वायाच गेली." दोघंही आपापल्या जागी ठाम आहोत.

ऑक्टोबरात हवा कशी असते? आणि त्या वेळचं खास काही खायला?

लिस्बनवासी_तात्पुरता

दिवसा उबदार, संध्याकाळी वारा. पावसाची सर कधीही येते, सह्याद्रीकरांनी सांगितलेले बूट हवेतच. महिनाअखेरीस चौकाचौकांत भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागतात. लांबूनच धूर दिसतो. वर मीठ टाकून कागदाच्या पुड्यात देतात. ११ नोव्हेंबरला साउं मार्तिन्यूचा सण असतो, तोपर्यंत राहणार असतील तर चेस्टनटबरोबर नवी वाइनही.

अर्धी_पोळी

चेस्टनटमध्ये अंडं नसतं. चला, एक तरी पदार्थ सापडला!

म्हापशेकर

नणंदबाई पुढे पोर्तोला जाणार असतील तर वेगळा धागा काढा. तिथल्या फ्रांसेझिन्यावर (मांस भरलेल्या सँडविचवर) मला पानभर बोलायचंय, आणि त्यात काकूंच्या उपयोगाचं काहीच नाही.